जीवामृत वेळेवर देऊनही भाजीपाला पिवळा का पडतो?

वीस गुंठे मध्यम काळी जमीन, त्यात टोमॅटो, वांगी, थोडी मिरची आणि कडेने मेथी-कोथिंबीर. दीड वर्षापासून रासायनिक खत आणि औषध पूर्ण बंद. दर 15 दिवसांनी जीवामृत, दर आठवड्याला दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काची फवारणी. एवढं करूनही पीक पिवळं, वाढ खुरटलेली, वांग्यात अळी आणि टोमॅटोची पानं आकसलेली. ड्रममध्ये अजून काय घालायचं राहिलं, असा तुमचा प्रश्न आहे.

ड्रममध्ये काहीच वाढवू नका. कमतरता वाफ्यावर आहे. जीवामृत हे खत नाही, आणि हे कागदावर मांडलं की लगेच पटतं. 200 लिटरच्या ड्रममध्ये 10 किलो ताजं शेण जातं, त्यात नत्र 30 ते 40 ग्रॅम. 10 लिटर गोमूत्रात फार तर 100 ग्रॅम. 2 किलो बेसनात 60 ते 70 ग्रॅम. गुळात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे अख्ख्या ड्रममध्ये साधारण 200 ग्रॅम नत्र, आणि हा ड्रम एकराला. तुमच्याकडे टोमॅटो दहा गुंठ्यांवर आहे असं धरू. त्याच्या वाट्याला एका वेळी 50 लिटर जीवामृत, म्हणजे 50 ग्रॅम नत्र. चार महिन्यांत आठ वेळा दिलंत तर 400 ग्रॅम. टोमॅटोचं पीक एक टन फळामागे अडीच ते तीन किलो नत्र उचलतं. दहा गुंठ्यांतून पाच टन माल काढायचा तर 12 ते 15 किलो नत्र लागणार. ते आजवर जमिनीतल्या जुन्या शिलकीतून येत होतं. दीड वर्षात शिलक आटली आणि पीक पिवळं दिसायला लागलं.

जीवामृत हे विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? सुभाष पाळेकरांनी मांडलेल्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतसुद्धा बीजामृत (बियाण्याला लावायचं), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) अशा चार गोष्टी एकत्र आहेत. बहुतेक जण पहिल्या दोन उचलतात, कारण त्या ड्रममध्ये मावतात. आच्छादनाला ट्रॉलीभर काडीकचरा लागतो आणि वाफशाला रोजची नजर, म्हणून त्या दोन राहून जातात.

आधी पिवळेपणा कुठला आहे ते झाडावर नीट बघा. खालची जुनी पानं सगळी सारखी फिकट होत असतील आणि शेंडा त्यातल्या त्यात हिरवा असेल, तर नत्र कमी आहे. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या, सामू (पीएच) 8 च्या वर असलेल्या जमिनीत हे फार दिसतं आणि पाणी जास्त झालं की आणखी वाढतं. अशा वेळी आधी पाणी तोडायचं, खत वाढवायचं नाही. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होत असतील तर पालाश बघा. आणि झाड दुपारी मलूल, सकाळी ताजं, मुळं तपकिरी आणि कुजकट वासाची असतील, तर तो खताचा विषय नसून मुळांजवळ हवा नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे दोन आकडे आवर्जून मागून घ्या.

उभ्या पिकात नत्र कमी असेल तर सध्या एकच गोष्ट बऱ्यापैकी लवकर काम करते, ती म्हणजे पेंड. एरंडीच्या किंवा निंबोळीच्या पेंडीत नत्र 4 टक्क्यांच्या आसपास, भुईमुगाच्या पेंडीत 7 टक्क्यांच्या आसपास असतं. गुंठ्याला 5 ते 8 किलो एरंडी पेंड, बारीक करून, खोडापासून चार-पाच बोटं लांब, आच्छादन बाजूला सारून मातीवर पसरा, हलकं मिसळा आणि पुन्हा झाका. वीस दिवसांनी तेवढीच परत द्या. पेंड खोडाला चिकटून किंवा ढिगाने पडली तर कुजताना तापते आणि साल भाजते. एरंडीची पेंड जनावरांना आणि कुत्र्यांना विषारी असते, पोतं उघडं ठेवू नका. दहा गुंठ्यांना दोन हप्त्यांत चार ते सहा किलो नत्र मिळेल. पूर्ण गरज भागणार नाही, पण हंगाम हातचा जाणार नाही.

पुढच्या हंगामापासून मात्र पाया बदलावा लागेल. शेणखताबद्दल नैसर्गिक शेतीत दोन मतं आहेत. पाळेकर शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत बाहेरून आणून घालायला विरोध करतात. फळबागेत किंवा कडधान्यात ते निभावतं. भाजीपाला मात्र दर तीन-चार महिन्यांनी टनावारी माल शेताबाहेर नेतो, म्हणून पहिली तीन वर्षं तरी कुजलेल्या खताशिवाय तो उभा राहत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. वीस गुंठ्यांना वर्षाला 4 ते 5 टन शेणखत धरा. त्यात नत्र अर्धा टक्का, म्हणजे 20 ते 25 किलो, पण पहिल्या हंगामात त्यातलं तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच पिकाला मिळतं. बाकीचं पुढे मिळत राहतं, म्हणून तिसऱ्या वर्षी जमीन वेगळी वाटते.

खत कुजलेलंच हवं. ढिगाच्या पोटात हात घातल्यावर गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, काडी ओळखू येत असेल, तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी, येते आणि ती मुळं खाते. झाड उपटल्याशिवाय कारण कळत नाही. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, तेव्हा फांद्या हलवून खाली पाडून ते साबणाच्या पाण्यात टाकणं हा हुमणीवरचा स्वस्त उपाय. खत तयार झालं की 100 किलोला 1 किलो ट्रायकोडर्मा (मित्र बुरशी) मिसळून, ओलं करून, सावलीत गोणपाटाखाली 15 दिवस ठेवा आणि मग वाफ्यात घाला.

जनावर एकच असेल आणि शेण पुरत नसेल तर नाडेप टाकी बांधा. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली ही पद्धत कमी शेणात जास्त खत देते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेली विटांची टाकी. त्यात 1400 ते 1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण आणि साधारण 1700 किलो चाळलेली कोरडी माती थराथराने भरायची, प्रत्येक थर भिजवायचा, वरून शेणामातीने लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं. भरणं एक-दोन दिवसांत पूर्ण करा. महिनाभर थोडं थोडं टाकत राहिलं तर टाकी तापत नाही आणि तणाचं बी जिवंत राहतं.

दुसरा आधार ताग, हिरवळीचं खत म्हणून. सगळे वीस गुंठे एकदम अडकवणं परवडणार नाही, म्हणून जमिनीचे पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे करा आणि दर खरिपात एका तुकड्यावर ताग घ्या. पाच गुंठ्यांना तीन किलो बी दाट फेकून पेरायचं. 45 ते 50 दिवसांनी कळ्या दिसायला लागल्या की लगेच कापून वरच्या चार-पाच इंचांत मिसळायचा. ताग हे वाखाचं पीक आहे. फुलं येऊन शेंगा धरेपर्यंत थांबलात तर खोड काष्ठमय होतं, कुजत नाही आणि नांगराला गुंडाळतं. मिसळल्यावर ओल राखून किमान 15 दिवस जाऊ द्या, मगच लागवड. घाई केली तर कुजण्याच्या उष्णतेने आणि बुरशीने कोवळी रोपं मरतात. जमीन चोपण किंवा पाणथळ असेल तर तागाऐवजी धैंचा. बांधावर गिरिपुष्प लावा. जूनमध्ये तीन फुटी छाटकलमं खोचली की जगतात, आणि पुढे वर्षातून दोन-तीनदा पाला छाटून थेट वाफ्यावर टाकता येतो.

बाकीचे तीन तुकडे फिरते ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली पिकं, त्यांना एकच तुकडा. तिथे पुढची दोन-तीन वर्षं ती परत नाहीत. त्यामागे घेवडा किंवा चवळी, मग वेलवर्ग. वांग्यामागे टोमॅटो घेतला तर त्याला फेरपालट म्हणता येत नाही. मर रोग आणि सूत्रकृमी दोन्ही तसेच वाढतात.

आता आच्छादन, जिथे सर्वांत जास्त चुका होतात. उसाचं पाचट, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा, जे जवळ मिळेल ते. जाडी चार इंच, दाबून नव्हे, मोकळी. गुंठाभर वाफा झाकायला 300 ते 400 किलो सुकं काड लागतं. सगळीकडे पातळ पसरून "आच्छादन केलं" म्हणण्यापेक्षा निम्मंच क्षेत्र पण नीट झाकलेलं बरं. पाचटात कर्ब खूप आणि नत्र फार थोडं असतं. ते वर पडून राहिलं तर हळूहळू खालून कुजतं आणि पिकाचं काही बिघडत नाही. तेच रोटाव्हेटरने मातीत मिसळलं तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक महिना-दीड महिना पिवळं राहतं. तुम्ही लागवडीआधी पाचट गाडलं असेल तर तुमच्या पिवळेपणाचं निम्मं कारण तेच असू शकतं.

खोडाभोवती तीन-चार इंच जागा उघडी ठेवा. ओलं काड खोडाला टेकलं की टोमॅटो-मिरचीची बुंध्याजवळची साल कुजते, पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. ते झाड मातीसकट काढा. पावसाळ्यात आच्छादनाखाली गोगलगायी लपतात. जुलै-ऑगस्टमध्ये थर दोन इंचांवर आणा आणि संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. बाहेरून पाचट आणत असाल तर त्या उसावर टू-फोर-डी मारलं होतं का ते विचारा. टोमॅटो या तणनाशकाला फार नाजूक आहे, पानं दोरीसारखी पिळवटतात. शंका असेल तर ते काड भिजवून त्या पाण्यावर कुंडीत घेवडा उगवून बघा. दोन आठवड्यांत पानं वाकडी आली तर ते काड वापरू नका.

लव्हाळा आणि हरळी आच्छादनाने दबत नाहीत. लव्हाळ्याची सुई चार इंच काडातून सहज वर येते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उन्हात तापवा, हरळी हाताने वेचा. त्यानंतर तो तुकडा तागाला द्या, दाट सावलीत लव्हाळा खचतो.

आच्छादन केलं की पाण्याचं जुनं वेळापत्रक मोडायला हवं. काळ्या जमिनीत हीच गोष्ट पीक घालवते. वरून कोरडं काड दिसतं म्हणून माणूस पाणी देतो आणि खाली चिखल असतो. काड सारून चार-पाच इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. लाडू झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. पडून चपटा झाला तर आणखी दोन-तीन दिवस नको. लाडूच होत नसेल तर द्या. वाफे चार फूट रुंद, पावसाळ्यात नऊ इंच उंच, मधे दीड फूट वाट, आणि वाफ्यावर कधीही पाय नको.

जीवामृत बंद करा असं मी म्हणत नाही, ते नीट करा. ताजं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत ड्रम, तोंडावर गोणपाट, रोज सकाळ-संध्याकाळ ढवळणं. 48 तासांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. आंबूस वास ठीक; कुजकट, गटारासारखा वास आला तर ढवळणं कमी पडलं, ते भाजीला देऊ नका. क्लोरीनचं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. कोरड्या, उघड्या, तापलेल्या मातीवर ओतलेलं जीवामृत वाया जातं. ठिबकमधून देताना दोनदा कापडाने गाळा आणि शेवटी 15 मिनिटं साधं पाणी सोडा, नाहीतर ड्रिपर बंद पडतात.

किडींकडे येताना आधी दशपर्णीचा आठवड्याचा नेम सोडा. पानांच्या प्रतीप्रमाणे आणि कुजवण्याच्या दिवसांप्रमाणे तिची ताकद बदलते, आणि न बघता फवारलं की ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकही कमी होतात. आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी चालत वीस झाडं तपासा, पानं उलटून बघा, मग ठरवा. दशपर्णीत कण्हेर, रुई, मोगली एरंड असतात. ढवळताना-फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

वांग्यातली शेंडे आणि फळ पोखरणारी अळी फवारणीने मरत नाही, कारण ती बाहेर असते ते अंड्यातून निघाल्यावरचे काही तासच. इथे हाताचं काम जास्त मोलाचं. मलूल शेंडा दिसला की एक इंच खालून कापा, किडकं फळ त्याच दिवशी तोडा आणि दोन्ही बांधावर न फेकता बंद पिशवीत भरून उन्हात ठेवा किंवा खोल पुरा. आठवड्यातून दोनदा, न चुकता. ल्युसील्यूरचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) वीस गुंठ्यांत किमान दहा, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, ल्यूर महिन्याने बदलायचा. मागच्या वांग्याच्या वाळक्या पळाट्या बांधावर रचून ठेवल्या असतील तर आधी त्या हलवा; कोष तिथेच असतात आणि नवीन पिकाला पतंग तिथूनच येतात.

टोमॅटोची पानं आकसून वर वळली असतील, झाड झुडपासारखं झालं असेल तर तो पर्णगुच्छ विषाणू आहे. पांढरी माशी तो आणते आणि लागण झालेलं झाड कशानेही बरं होत नाही. लागवडीनंतर महिन्याभरात दिसलेली अशी झाडं उपटून टाका. लढाई रोपवाटिकेतच असते: रोपांवर पहिल्या दिवसापासून 40 ते 50 मेशची नायलॉन जाळी, 25 ते 30 दिवसांचं रोप, आणि शेताच्या चारही बाजूंनी लागवडीच्या 15-20 दिवस आधी पेरलेल्या मक्याच्या दोन-तीन ओळी. जाळी पाणी घालताना उघडी ठेवण्याची सवय असेल तर जाळीचा उपयोग नाही.

फळ पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ. टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं असताना झेंडूचं 40 ते 45 दिवसांचं हवं, म्हणजे दोन्हीची फुलं एकदम येतात. एकाच दिवशी रोपं टाकली तर झेंडू उशिरा फुलतो आणि अळी तोवर टोमॅटोत शिरते. फुलोऱ्यात ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड) एकरी दोन, आठवड्याच्या अंतराने चार-पाच वेळा, पानाच्या खालच्या बाजूला टाचून, संध्याकाळी. कार्ड लावल्यावर पाच-सहा दिवस काहीही फवारू नका. अळी लहान असताना बीटी (जिवाणू) किंवा एचएनपीव्ही (विषाणू) ही जैविक औषधं संध्याकाळी फवारली तर चालतात, फळात गेल्यावर नाही.

फवारणीत निंबोळी अर्काला मी दशपर्णीपेक्षा वर ठेवतो, कारण त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. 100 लिटरला 5 किलो निंबोळी, दहा गुंठ्यांच्या टोमॅटोला 50 लिटर फवारा, म्हणजे अडीच किलो. सावलीत वाळवलेली, बुरशी न लागलेली, याच वर्षीची निंबोळी जाडसर कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कापडाने पिळून गाळा, 100 ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि 50 लिटर करा. त्याच संध्याकाळी संपवा. उन्हात त्यातला किडीवर चालणारा अंश लवकर मोडतो, दुसऱ्या दिवशी उरलेला अर्क बिनकामाचा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर वेचून गोणीत भरून ठेवाव्या लागतात. ऑक्टोबरमध्ये शोधायला गेलं तर जुनी, काळी पडलेलीच मिळते.

ढगाळ, थंड, धुक्याच्या दिवसांत टोमॅटोवर उशिरा येणारा करपा आला तर जीवामृत किंवा ताक त्याला आवरत नाही. खालची पानं काढून, सुतळीने झाडं बांधून हवा खेळती ठेवणं हा पहिला उपाय. त्या हवामानाच्या आधीच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावं: 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना वेगवेगळे भिजवून एकत्र 100 लिटर. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा. नैसर्गिकच्या कडक व्याख्येत हे बसत नाही, सेंद्रिय प्रमाणीकरणात तांबं मर्यादेत चालतं. आधी आपल्या प्रमाणीकरणाच्या गटाला विचारून ठरवा.

मेथी-कोथिंबिरीबद्दल शेवटचं, आणि यात सवलत नको. पानावर जीवामृत फवारू नका, उभ्या पालेभाजीत सोडूही नका. कच्च्या शेणातले रोगजंतू पानावर राहतात आणि कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाते. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण दिल्यावर मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत 120 दिवसांचं अंतर लागतं. आपली कोथिंबीर 40-45 दिवसांत निघते. म्हणून या वाफ्यांना फक्त पूर्ण कुजलेलं खत, तेही पेरणीआधी मिसळलेलं. घनजीवामृत (जीवामृताचं कोरडं रूप) सुद्धा नको, ते वाळवलेलं असतं, कुजलेलं नसतं. काढणीनंतर जुड्या स्वच्छ विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात धुवा, आणि त्यासाठीची बादली-टोपली शेणाच्या कामापासून कायम वेगळी ठेवा.